पाठमोरी खुर्ची

एक होता संघ. कबड्डीचा, व्यावसायिक, दूरचित्रवाणीवर झळकणारा. दख्खनचे शिलेदार हे त्याचे नाव. नाव एवढे भारदस्त, पण आदल्या हंगामात हे शिलेदार गुणतक्त्याच्या तळाशी असे ठाण मांडून बसले होते की उठायचे नावच घेईनात. शेवटी मालकांनी जुन्या प्रशिक्षकाला नारळ दिला आणि संघ एका नव्या माणसाच्या हाती सोपवला. त्याचे नाव धैर्यशील.

धैर्यशील स्वतः एके काळचा नामांकित चढाईपटू. सांगलीकडचा. तो मध्यरेषा ओलांडून आत शिरला की समोरचे सातही जण मागे सरकत. पुढे गुडघ्याने दगा दिला आणि खेळ सुटला. अंगातली रग मात्र सुटली नाही. ती सगळी त्याच्या आवाजात जाऊन बसली. निवडीच्या वेळी मालक त्या आवाजावरच खूश झाले होते. "पोरं झोपली आहेत आमची, त्यांना जागं करा," ते म्हणाले. आणि चहा संपता संपता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. या हंगामात संघ बाद फेरीत पोचला नाही, तर पुढच्या वर्षी प्रशिक्षकही नवा आणि खेळाडूही नवे. सगळा डाव मोडायचा आणि पुन्हा मांडायचा.

आपले पद जाईल याचे भय धैर्यशीलला होतेच, नाही असे कोण म्हणेल? पण खरा घोर त्याला पोरांचा होता. त्यातल्या बहुतेकांना संघ हाती येताच त्यानेच गावोगावच्या स्पर्धा पालथ्या घालून हुडकून आणले होते. मंगळवेढ्याकडचा समाधान हा डावा कोपरा सांभाळी; चपळ, निडर, पण भारी उतावळा. त्याच्या शेजारी मध्यरक्षक म्हणून उभा राही तो हरियाणाचा सुखवीर, अंगाने आडवा आणि स्वभावाने अबोल. या पोरांना पुन्हा आपापल्या गावी परतावे लागेल, या विचाराने धैर्यशीलला घास गोड लागत नसे.

हंगामापूर्वीचे शिबिर त्याने जीव ओतून घेतले. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की कबड्डीत बचाव करणारे खेळाडू एकमेकांचे हात धरून उभे राहतात. त्याला साखळी म्हणतात. चढाईपटू आत आला, की कोपऱ्यातल्या खेळाडूने त्याचा पाय धरायचा आणि त्याच श्वासात शेजाऱ्याने त्याच्या अंगावर झेपावायचे. दोघांत निमिषाचे अंतर पडले तरी पाहुणा निसटून जातो. आणि झेपेचा हा इशारा तोंडाने देता येत नाही, कारण तोंडाने दिला तर तो पाहुण्यालाही ऐकू जाणार. धरलेला पंजा दाबायचा, बस्स. पंजा दाबला जाण्याआधीच झेपावणाऱ्या समाधानला तर धैर्यशील दिवसातून शंभरदा 'थांब!' म्हणून ओरडे. धैर्यशीलने हे पंजाचे शास्त्र पोरांकडून इतके घोटून घेतले की झोपेत कोणी हात धरला तरी ती झेप घेतील, असे सगळे चेष्टेने म्हणू लागले.

पहिला सामना शिलेदारांनी धडाक्यात जिंकला. मालकांनी पेढे वाटले. मग दुसरा गेला, तिसरा गेला, चौथा हातातोंडाशी येऊन गेला. असे काय झाले, हे कोणालाच कळेना. पोरे तीच, डाव तेच, मेहनत तीच. धैर्यशील मॅटच्या कडेला उभा राहून घसा फोडून ओरडत असे, अर्धे मराठीत आणि अर्धे हिंदीत. "डावीकडं! मागं सर! अब पकड! अरे पकड ना!" हरल्यावर तो आणखी मोठ्याने ओरडे. जिंकलो तर आवाजामुळे जिंकलो आणि हरलो तर आवाज कमी पडला, असा त्याचा हिशेब होता. आणि अशा हिशेबातून बाहेर पडायला वाट नसते.

हंगाम उताराला लागला. कधी एक सामना जिंकावा, कधी दोन हरावेत, असे करत करत शिलेदार अशा जागी येऊन उभे राहिले, की साखळी फेरीतला अखेरचा सामना जिंकला तर बाद फेरी आणि नाही जिंकला तर घर. बरोबरीनेसुद्धा भागणार नव्हते. समोर होता गुणतक्त्यात वरचढ असलेला संघ, आणि त्यांच्याकडे त्या हंगामातला सर्वांत धूर्त चढाईपटू.

तेव्हा धैर्यशीलला आपल्या गुरूंची आठवण झाली. आप्पा. तालुक्याच्या गावातल्या मंडळाच्या मैदानावर ज्यांनी त्याला मातीत लोळवून कबड्डी शिकवली ते आप्पा. आता ऐंशीच्या घरात होते, पण पाठीचा कणा ताठ आणि नजर घारीची. त्याने गाडी पाठवली. आप्पा आले, पोरांनी वाकून नमस्कार केला, आणि आप्पा सरावाच्या मॅटशेजारी खुर्ची टाकून बसले.

दोन तास सराव चालला. धैर्यशीलने आपले सगळे डाव करून दाखवले. मधूनच त्याने आप्पांकडे चोरून पाहिले आणि तो चमकला. आप्पा मॅटकडे पाहतच नव्हते. ते सबंध वेळ त्याच्याकडे पाहत होते.

"आप्पा, पोरं कशी वाटली?" सराव संपल्यावर त्याने विचारले.

"पोरं झ्याक हैत."

"मग आम्ही हरतोय कशानं?"

आप्पांनी उपरणे झटकले, खांद्यावर टाकले आणि मग विचारले, "मी सांगीन ते करशील? का आता मोठा झालास?"

"आप्पा, तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का?"

"मग ऐक. उद्याच्या सामन्यात मॅटकडं पाठ करून बसायचं. खुर्ची उलटी टाकायची. शेवटची शिट्टी होईस्तवर तोंडातनं शब्द काढायचा न्हाई, मान वळवायची न्हाई. आन् त्यो वर मोठा पडदा टांगलाय, त्याच्याकडं बघितलंस तर मी तिथनंच उठून गावाकडं जाईन."

धैर्यशीलला वाटले, म्हातारपणी आप्पांची चेष्टा वाढली आहे. पण आप्पा हसत नव्हते. संघाचे सारे भवितव्य एका सामन्यावर येऊन ठेपलेले, आणि मुख्य प्रशिक्षकाने त्या सामन्याकडे पाठ करायची! लोक काय म्हणतील, मालक काय म्हणतील, आणि पोरे बिचारी कोणाकडे पाहतील? हे सगळे त्याच्या ओठांवर आले. पण शब्द देऊन झाला होता, आणि आप्पांना दिलेला शब्द मोडायची त्याची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्रीडागार खचाखच भरले होते. ढोल, ताशे, भगवे आणि निळे झेंडे, तोंडे रंगवलेली मुले. खेळाडू मॅटवर उतरले आणि धैर्यशीलने सर्वांसमक्ष आपली खुर्ची उचलून उलटी ठेवली. आधी प्रेक्षक हसले, मग कुजबुजले. पहिल्या रांगेत बरोबर त्याच्या समोर मालक बसले होते. त्यांच्या कपाळावर आठ्यांचे जाळे उमटले. मालकांच्या शेजारी आप्पा बसले होते, निवांत.

शिट्टी झाली.

पाठीमागे युद्ध पेटले आहे आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो आहोत, ही काय शिक्षा असते ते त्या दिवशी धैर्यशीलला कळले. कबड्डी, कबड्डी, कबड्डी असा दम जवळ येई, दूर जाई. मॅटवर पाय घासत. धप्प असा आवाज होई आणि प्रेक्षक उसळत, पण कोण पडले, आपले की त्यांचे? त्याला एक युक्ती सुचली. आप्पांच्या चेहऱ्यावरून खेळ वाचावा. त्याने हळूच डोळे वर केले, तर आप्पांनी उपरणे तोंडावर ओढून घेतलेले! गुरू शेवटी गुरूच.

मग ध्वनिक्षेपकावरून येणारा निवेदकाचा आवाज, तेवढाच काय तो आधार उरला. आणि तो आवाज काही चांगले सांगत नव्हता. समोरच्यांना दोन गुण. पुन्हा एक. शिलेदारांवर लोण, म्हणजे सातही जण बाद. पोरे त्याच्या पाठीकडे पाहत असणार, हे त्याला न पाहताही कळत होते. खुर्चीचे हात त्याने इतके घट्ट धरले होते की बोटे पांढरी पडली. एक शब्द, फक्त एक शब्द टाकला तर? त्याने दात आवळले. मध्यंतर झाले तेव्हा शिलेदार बरेच मागे होते.

पोरे त्याच्याभोवती गोळा झाली. धापा टाकत, घामाने निथळत. तो मान खाली घालून पाण्याच्या बाटल्या पुढे करत राहिला. बोलायची मुभा नव्हती. आणि मग जो कधी बोलत नसे तो सुखवीर बोलला.

"सर नहीं बोलेंगे. तो हम बोलते हैं."

आणि पोरे बोलू लागली. आधी अडखळत, मग एकमेकांचे बोलणे तोडत. "त्यो उजवा हात दाखवतोय, पण पाय डावा टाकतोय." "हाताकडं बघूच नका." "समाधान, तू मला न विचारता जातोस रे." "विचारायला येळ कुठाय?" "पंजा हाय की!" धैर्यशील ऐकत राहिला. हंगाम संपत आला होता आणि सामना चालू असताना आपल्या पोरांचा आवाज तो प्रथमच ऐकत होता. त्याला आनंद झाला, आणि कोठेतरी खोल एक काटाही बोचला. आपल्यावाचून यांचे अडत नाही की काय?

दुसरा डाव सुरू झाला आणि पाठीमागचे आवाज बदलले. कान असलेल्या कोणालाही कळावे इतके बदलले. आता पाहुणा आत आला की मॅटवर क्षणभर शांतता पसरे, आणि मग धप्प होई, एकदाच. पूर्वी दोन धपके ऐकू येत. आधी एक पडे, मागाहून दुसरा. आता दोघे मिळून एकच. निवेदक ओरडला, पकड! पुन्हा पकड! ढोल घुमू लागले. शिलेदारांनी लोण फेडला तेव्हा तर पहिल्या रांगेतले मालक सदऱ्याची पर्वा न करता खुर्चीवर चढले. धैर्यशीलचे सारे अंग कानात गोळा झाले होते. मान वळवायचा मोह असा, की जणू कोणी हनुवटीला धरून ओढते आहे. पण वळली नाही ती मान.

शेवटचे मिनिट. निवेदकाचा आवाज चिरकला होता, तरी त्याने जे सांगितले ते नीट ऐकू आले. शिलेदार एका गुणाने मागे. त्यांचे मॅटवर उरलेले खेळाडू तीनच, त्यांत समाधान आणि सुखवीर. आणि चढाई प्रतिस्पर्ध्यांची, त्या धूर्त चढाईपटूची. शिवाय आधीच्या दोन चढाया कोऱ्या गेल्यामुळे या चढाईत त्याला गुण मिळवावाच लागणार होता, नाहीतर तो बाद. नुसता बाद झाला तर शिलेदारांना एक गुण, म्हणजे बरोबरी, म्हणजे घर. पण तिघांनी मिळून त्याची पकड केली तर ती अव्वल पकड, तिचे दोन गुण, आणि विजय.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी. दम डाव्या कोपऱ्याकडे सरकला. समाधानकडे. धैर्यशीलने हजार चढाया केल्या होत्या. त्या पावलांच्या नुसत्या आवाजावरून त्याला सारे दिसत होते. आता हा हात पुढे करील, फसवा. आता समाधान झेप घेईल, लवकर, नेहमीसारखा. आणि हा त्याच्या डोक्यावरून उडी मारून निघून जाईल. आता ओठ उघडणार असे वाटताच धैर्यशीलने मांडीवरचा टॉवेल उचलला आणि तोंडात कोंबून दातांनी चावून धरला.

बूट घासल्याचा आवाज झाला. फसवा हात पुढे आला, हे त्याला कळले. आता धप्प होणार.

झाले नाही. काहीच झाले नाही. सारे क्रीडागार श्वास रोखून बसले होते आणि तो एकटा दम त्या शांततेत घुमत होता. मग दुसरे पाऊल घासले, हे फसवे नव्हते. आणि त्याच क्षणी मॅटवर एकच दणका बसला, असा की त्याच्या खुर्चीचे पाय हादरले. कबड्डी, कब्... आणि दम तुटला.

मग जो गलका उसळला त्यात शेवटची शिट्टी कोणालाच ऐकू आली नाही. धैर्यशील तसाच बसला होता, पाठ करून, तोंडात टॉवेल. आप्पांनी तोंडावरचे उपरणे काढले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "आरं बघ आता! वळ की, बाळा!"

तो वळला. पोरांचा ढीग पडला होता आणि त्या ढिगाच्या तळाशी कोठेतरी समाधानचे दात चमकत होते. धैर्यशील गुडघ्याचे दुखणे विसरून मॅटकडे धावला.

जल्लोष ओसरल्यावर मालक आले. आनंदात होते, आणि आनंदात माणूस मनातले बोलून जातो. "काय धैर्यशीलराव," ते हसत म्हणाले, "तुम्ही ओरडत होता तेव्हा हरत होतो, गप्प बसलात तर जिंकलो. पुढच्या वर्षी नुसती खुर्चीच ठेवतो म्हणजे झालं. पगार तरी वाचेल!"

भोवतालचे लोक हसले. धैर्यशीलही हसला, पण मध्यंतरापासून त्याच्या मनात हाच काटा सलत होता. त्याने आप्पांकडे पाहिले. "आप्पा, बरोबर आहे त्यांचं. माझ्या गप्प बसण्यानं जिंकले ते. मग माझं काम तरी काय?"

आप्पा मालकांकडे वळले. "शेठ, हंगामाच्या पयल्या दिवशी ही खुर्ची फिरवली असती, तर पोरं तोंडावर आपटली असती. ह्यानं शिबिरात घासून घासून शिकवलंय, म्हणून आज फिरवता आली." मग ते धैर्यशीलजवळ सरकले आणि त्यांचा आवाज उतरला. "तुझ्या शिकवण्यात खोट न्हवती. ते पोरांपत्तुर पोचलंय, ह्यावर तुझा इश्वास न्हवता. साखळीतल्या गड्याचं दोन्ही हात दोन्ही बाजूला दिल्यालं असत्यात. पाहुणा आत आला की त्येचा सगळा जीव त्या पंजात पायजे. आन् तू बाहेरनं तिसरा हात पुढं करत हुतास. पोरं गुणाची. गुरूचा हात कसा झिडकारायचा म्हणून ती तुज्याकडं बघायची, तेवढ्यात शेजाऱ्याचा पंजा ढिला पडायचा. काल मी मॅटकडं बघितलंच न्हाई. तू ओरडलास की तुज्याकडं किती डोळं वळत्यात, तेवढंच बघत हुतो."

मालकांना हे कितपत पटले, सांगता येत नाही. ते आदराने मान हलवत होते, पण ती मान न कळताही तज्ज्ञांसमोर हलते तशी हलत होती. पुढे ते काही बोलणार, इतक्यात गर्दीतून वाट काढत समाधान आला. गळ्यात हार, कोपर सोलवटलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की पाहणाऱ्याचेही डोळे ओलावावेत. तो धैर्यशीलच्या पायाशी वाकला.

"सर, तुमचे लई उपकार झाले."

"माझे कसले? मी काय केलं?"

"असं काय म्हणता? त्या शेवटच्या चढाईला त्यानं हात पुढं केला, तवा मी जाणारच हुतो. पाय उचललावता. तेवढ्यात तुम्ही मागनं 'थांब!' म्हणून ओरडलात. म्हणून थांबलो. नायतर गेलाच हुता त्यो."

शेवटच्या चढाईच्या वेळी मालक पहिल्या रांगेतच होते, धैर्यशीलच्या अगदी समोर. त्याच्या तोंडात कोंबलेला टॉवेल त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. ते समाधानकडे पाहत राहिले, मग धैर्यशीलकडे.

धैर्यशीलने समाधानची चूक दुरुस्त केली नाही. त्याने त्याला उठवले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि "बरं केलंस, थांबलास," एवढेच तो म्हणाला. आपले काम काय, हा प्रश्न त्याने आप्पांना पुन्हा कधी विचारला नाही.